अध्यक्षीय दोन शब्द

पुण्यात कार्यक्रमाचे अध्यक्ष बोलायला उठले की श्रोते चपला शोधायला उठतात. याला इथे कोणी असभ्यपणा म्हणत नाही. अध्यक्षांनाही ते ठाऊक असतं, म्हणून ते आधी ‘मी आपला फार वेळ घेणार नाही’ असं म्हणतात आणि मग घेतात. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. म्हणजे खुर्चीतल्या माणसाचं शांतपणे ऐकून घ्यायचं आणि घरी जाताना कोपऱ्याकोपऱ्यावर थांबून त्याची सालं काढायची, याचा या शहराला दीडशे वर्षांचा सराव आहे.

पण सभेच्या अध्यक्षाला निदान बोलावलेलं तरी असतं. खेळाच्या संघाचा अध्यक्ष स्वतःच स्वतःला बोलावतो, कारण सभागृहही त्याचंच असतं. हल्ली तर त्याला उठून उभं राहायचेही कष्ट नाहीत. खिशातून फोन काढायचा, दोन शब्द लिहायचे (इथे मात्र तो खरोखर दोनच शब्द लिहितो) आणि जगापुढे टाकायचे. मग उरतं आभारप्रदर्शन. ते संघाचे चाहते करतात, आणि ते अध्यक्षांच्या भाषणापेक्षा बरंच लांबतं.

आमच्या समीक्षकांनी संतवाङ्मयापासून आत्मचरित्रांपर्यंत काही सोडलं नाही, पण संघाच्या अध्यक्षांचे उद्गार आणि त्यावरची चाहत्यांची टीका, हे दालन अजून रिकामंच आहे. मी बी. कॉम. आहे. ताळेबंदाच्या दोन बाजू सोडल्या तर मला कशाची समीक्षा येत नाही. पण माझी बावीस वर्षं ‘सदर खातेदारास कळविण्यात येते की’ या वाक्याच्या सहवासात गेली आहेत. वरच्या माणसाच्या भाषेत कुठे काय दडलंय हे मला वासावरून कळतं. तेवढ्या भांडवलावर हे धाडस.

तर नमुन्यादाखल घेतलेला उद्गार ६ एप्रिल २०१७ चा आहे. स्थळ गहुंजे. हे ठिकाण पुण्यात आहे असं तिकिटावर छापलेलं असतं आणि डेक्कनवरून निघालेल्या माणसाला वाटेत दोनदा भूक लागते. मी आणि माझा भाचा तिथे होतो. भाचा म्हणजे साताऱ्याच्या बहिणीचा मुलगा, शिकायला आमच्याकडेच असतो, तेव्हा चौदा वर्षांचा होता. त्याच्या अंगात रायझिंग पुणे सुपरजायंटची जांभळी जर्सी होती. ती माझ्या पैशांची होती, पण तो मुद्दा वेगळा.

या संघाची जन्मकथा कोणत्याही बँकवाल्याला घाम फोडील अशी आहे. चेन्नई आणि राजस्थान या संघांवर दोन वर्षांची बंदी आली, म्हणून डिसेंबर २०१५ मध्ये दोन तात्पुरत्या संघांसाठी उलटा लिलाव झाला. बोर्डाकडून आम्ही कमीत कमी किती पैसे घेऊ, हे ज्यानं त्यानं सांगायचं. कोलकत्याच्या संजीव गोयंकांनी सांगितलं, उणे सोळा कोटी. म्हणजे आम्हाला काही नको, उलट आम्हीच दरसाल सोळा कोटी देतो. माझ्या सबंध नोकरीत, ठेव ठेवायला येऊन व्याज मीच देतो म्हणणारा खातेदार मला भेटलेला नाही. भेटला असता तर मी प्रथम त्याला पाणी दिलं असतं.

अशी ही दोन वर्षांची मुदत ठेव. पहिलं वर्ष दुष्काळात गेलं. हे मी अलंकारिक बोलत नाही. २०१६ साली महाराष्ट्रात पाणी नव्हतं म्हणून उच्च न्यायालयानं मे महिन्यातले सामने राज्याबाहेर पाठवले आणि आपला संघ ‘घरचे’ सामने विशाखापट्टणमला खेळला. दुसऱ्या वर्षाच्या तोंडावर धोनीचं कप्तानपद काढून स्टीव्ह स्मिथला दिलं. शिवाय ‘सुपरजायंट्स’मधला शेवटचा एस गाळून ‘सुपरजायंट’ केलं. आमच्या काउंटरवर एका अक्षराच्या एवढ्या फरकाला प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार आणि पंधरा दिवस लागतात. तिकडे एका रात्रीत झालं.

आणि मग हा सामना. मुंबईला हरवायचं होतं, आणि पुण्याच्या माणसाला याहून पवित्र कार्य नाही. स्मिथ नाबाद ८४. शेवटच्या षटकात पोलार्डला दोन षटकार आणि एक चेंडू राखून विजय. दुसऱ्या टोकाला धोनी उभा होता. भाचा नाचता नाचता माझ्या पायावर नाचला. गहुंज्याहून परतताना, म्हणजे गाडी पार्किंगमधून न हलता उभी असताना, त्यानं फोन उघडला आणि त्याचा चेहराच उतरला.

‘मामा, हे बघ काय लिहिलंय.’

हर्ष गोयंकांनी लिहिलं होतं. जंगलाचा राजा कोण ते स्मिथनं दाखवून दिलं, धोनीला त्यानं पार झाकोळून टाकलं, त्याला कप्तान करण्याचा निर्णय थोर होता, असा त्याचा आशय. आता इथे थोडा वंशवृक्ष सांगितला पाहिजे. हर्ष गोयंका एका मोठ्या उद्योगसमूहाचे अध्यक्ष खरे, पण संघ त्यांचा नव्हे. संघ धाकट्या भावाचा. बोलले थोरले. वाड्यात राहिलेल्या कोणालाही हा प्रकार परका वाटणार नाही. धाकट्याच्या घरात पाहुणे आलेले असतात आणि थोरले वरच्या गॅलरीतून ‘पोहे जरा खारटच झालेत’ म्हणून सांगतात.

आता संहितेकडे वळू. स्मिथची स्तुती करण्यात काही गैर नव्हतं. आम्हीही घसा बसेपर्यंत तेच करत होतो. पहिलं वाक्य चाहत्याचं आहे. दुसरं मात्र साहेबाचं आहे. साहेबाला एकाची स्तुती सुटी करता येत नाही. ती दुसऱ्याच्या मानेवर पाय ठेवूनच करावी लागते. आमच्या शाखेत एक साहेब होते. शेजारच्या काउंटरवरच्या बाईंना उत्कृष्ट सेवेचं प्रशस्तिपत्रक देताना ते सगळ्यांपुढे म्हणाले, ‘यांच्याकडून काही लोकांनी शिकायला हरकत नाही.’ म्हणताना त्यांची नजर नेमकी माझ्यावर होती. टाळ्या मीही वाजवल्या. पण त्या दिवसापासून बाई माझ्याशी संकोचानं बोलू लागल्या आणि मी त्यांच्याशी नको तितक्या मोठ्यानं. स्मिथ आणि धोनीचं त्या रात्री काय झालं असेल ते मला त्यामुळे चांगलं कळलं.

त्यानंतर देशभर आभारप्रदर्शन सुरू झालं. मी समीक्षा करायला बसलो आहे, तेव्हा चाहत्यांचीही गय करून चालणार नाही. त्यातली बरीचशी टीका म्हणजे नुसती शिवीगाळ होती. शिवी म्हणजे सही नसलेला चेक. आकडा केवढाही लिहा, वटत नाही. जी थोडी चांगली होती तिचं रहस्य असं की ती स्वतःचं काही बोलत नव्हती. अध्यक्षांचंच वाक्य स्वच्छ धुऊन त्यांना परत करत होती. आमच्या घरी हे तंत्र भाच्याला उपजतच साधलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सौ. म्हणाली, ‘अहो, आज चहा छान झालाय.’ तेवढ्यात हा आतून ओरडला, ‘आणि मामाच्या कालच्या चहाला त्यानं पार झाकोळून टाकलंय!’

गोयंकांनी इथे थांबायला हवं होतं. पण काही दिवसांनी त्यांनी आकडेवारी दिली. संघातल्या फलंदाजांचे धावगतीचे आकडे मांडले आणि मनोज तिवारी, रहाणे, ख्रिश्चन हे सर्वांत पुढे आहेत, असं निदर्शनास आणून दिलं. कोण मागे आहे हे सांगितलं नाही. आकड्यांचा हाच फायदा असतो, माणसाचा अपमान बेरीज-वजाबाकी करून ज्याचा त्यानं काढून घ्यायचा. हंगामाच्या पहिल्याच काही सामन्यांचे ते आकडे. मला कोणी तीन नोंदींवरून खातेदाराची पत ठरवायला सांगितली तर मी रजा टाकीन.

मग आला २२ एप्रिल. पुन्हा गहुंजे, समोर हैदराबाद, हव्यात १७७. धोनीनं ३४ चेंडूंत नाबाद ६१ काढल्या आणि शेवटच्या चेंडूवर चौकार मारून सामना जिंकून दिला. या वेळी आम्ही घरी होतो. भाचा खुर्चीवर उभा राहिला, गळ्यात माझा मफलर अडकवला आणि बातम्या सांगणाऱ्याच्या आवाजात, एकही शब्द न बदलता, ते जंगलाच्या राजाचं वाक्य त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. मूळ संहितेला धक्का न लावता केलेलं इतकं प्रभावी भाष्य मी ज्ञानेश्वरीच्या निरूपणातसुद्धा ऐकलेलं नाही.

गोयंकांनीही मोकळेपणानं धोनीची तारीफ केली, सामना संपवणारा याच्यासारखा दुसरा नाही, असं लिहिलं. हे मी त्यांच्या जमेला धरतो. आमच्या साहेबांनी ते प्रशस्तिपत्रकाचं वाक्य अजून परत घेतलेलं नाही, आणि ते आता निवृत्त झालेत.

मला मात्र खरी टोचणी लागली ती मधल्या दिवसांतल्या एका फोटोची. एवढं रामायण चालू असताना धोनीच्या पत्नीनं चेन्नईचं पिवळं हेल्मेट घातलेला आपला फोटो जगापुढे ठेवला. मालकांना तो योग्य ठिकाणी लागला असेल. पण मला भाच्याचा चेहरा दिसला. अंगात जांभळी जर्सी, आणि ज्याच्यासाठी ती घेतली त्याच्या घरात पिवळं हेल्मेट. त्या भांडणात अध्यक्ष एका बाजूला होते, धोनीचं घर दुसऱ्या बाजूला, आणि दोघांनाही आमची आठवण नव्हती.

तेव्हापासून मला एक व्याकरणाचा नाद लागला आहे. इंग्रजीत ‘वुई’ हा एकच शब्द आहे, त्यात मालकही मावतो आणि चाहताही. मराठी याबाबतीत हिशेबाला चोख आहे. तिच्याकडे दोन वेगळी खाती आहेत, ‘आपण’ आणि ‘आम्ही’. ‘आपण’मध्ये ऐकणारा धरलेला असतो, ‘आम्ही’मध्ये तो बाहेर उभा असतो. आमच्या बँकेत एप्रिलमधल्या बैठकीत साहेब म्हणतात, ‘आपण यंदा उद्दिष्ट गाठायचंय.’ पुढच्या मार्चअखेर वरिष्ठांपुढे म्हणतात, ‘आम्ही गाठलं.’ न गाठलं तर पुन्हा ‘आपण कुठे कमी पडलो?’ खेळाच्या संघातही तिकीट विकेपर्यंत ‘आपण’ चालतं. अध्यक्षांचा उद्गार ऐकताना त्यातलं ‘आपण’ सरकून ‘आम्ही’ झालंय, हे चाहत्याला आधी कानानं कळतं. मग तो जी टिंगल करतो ती बाहेर काढलेल्या माणसानं वाजवलेली कडी असते.

ही व्याधी आपल्याकडचीच आहे असं नाही. इंग्लंडात लीड्स युनायटेड म्हणून फुटबॉलचा जुना क्लब आहे. त्याचे अध्यक्ष पीटर रिड्सडेल यांनी पुढल्या अनेक वर्षांच्या तिकीटविक्रीच्या तारणावर सहा कोटी पौंड उचलले आणि खेळाडू आणले. पुन्हा वाचा. जे प्रेक्षक अजून यायचे होते, त्यांतले काही जन्मायचेही होते, त्यांची तिकिटं गहाण! आमच्याकडे स्कूटरच्या कर्जाला सहा महिन्यांच्या पगारपत्रकाची झेरॉक्स मागतात. २००१ साली संघ युरोपच्या सर्वोच्च स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेला, पण मग गाडं घसरलं आणि खेळाडू विकायची पाळी आली. जानेवारी २००३ मध्ये आणखी एक मोहरा विकून झाल्यावर रिड्सडेल वार्ताहरांना म्हणाले की एवढा खर्च करायला नको होता बहुधा, पण ‘वुई’ स्वप्न जगलो.

तिथल्या चाहत्यांनी ते वाक्य आजतागायत खाली ठेवलेलं नाही. पुढे अध्यक्षांच्या कचेरीत सोनेरी मासे होते आणि तेही भाड्यानं घेतलेले होते, असं बाहेर आल्यावर तर टिंगलीला पंखच, किंवा कल्ले म्हणा, फुटले. २००४ मध्ये क्लब खालच्या विभागात उतरला. मी रिड्सडेलसाहेबांच्या वाक्याचं मराठी भाषांतर करायला बसलो आणि पहिल्याच शब्दाला अडलो. ‘आपण स्वप्न जगलो’ की ‘आम्ही स्वप्न जगलो’? लीड्सच्या माणसाला मराठी येत असतं तर हे भांडण तिथेच एका वाक्यात मिटलं असतं. ‘आम्ही’ जगलात, आणि हप्ते ‘आपण’ फेडायचे.

आता पुन्हा गोयंकांकडे, पण धाकट्या. संजीव गोयंकांचा कोलकत्यात एटीके नावाचा फुटबॉल संघ होता. २०२० साली तो मोहन बागानमध्ये मिसळला आणि नाव झालं एटीके मोहन बागान. मोहन बागान १८८९ चा. १९११ साली अनवाणी पायांनी गोऱ्या पलटणीला हरवून ढाल जिंकलेला क्लब. तिथल्या चाहत्यांना त्या तीन अक्षरांचा असा काही उबग आला की मैदानाच्या आतबाहेर, फलकांवर, सगळीकडे एकच मागणी, एटीके काढा. अध्यक्षांनी विलीनीकरणाचे कितीही फायदे समजावले तरी उत्तर तेच. तीन वर्षं! हा चिवटपणा पाहून मला पेन्शनर संघटनेची आठवण झाली. अखेर १८ मार्च २०२३ ला गोव्यात, फातोर्ड्याला, विजेतेपद मिळालं त्याच रात्री अध्यक्षांनी जाहीर केलं की एटीके जाणार. आनंद झाला. आणि त्याच्या जागी येणार सुपर जायंट्स. आनंद थांबला. जूनमध्ये नाव प्रत्यक्ष लागलं तेव्हा त्यातलाही शेवटचा एस गळलेला होता. पेपरात ते वाचून मी आमच्या कॅशियरना म्हणालो, ‘आपलं जुनं आडनाव त्यांनी कोलकत्याला दिलं.’ कॅशियर नोटा मोजत होते. त्यांनी मान न वर करता विचारलं, ‘धुऊन दिलं का?’

याच गोयंकांवर पुढे ८ मे २०२४ ला या वाङ्मयप्रकाराचा कळस झाला. त्यांच्या लखनौच्या संघाला हैदराबादनं दहा षटकांच्या आत दहा गडी राखून हरवलं आणि सामना संपल्यावर सीमारेषेजवळ ते कप्तान राहुलशी बोलताना कॅमेऱ्यानं टिपले. हातवारे दिसले, आवाज आला नाही. तरी सबंध देशानं त्या न ऐकलेल्या उद्गारांवर आठवडाभर टीका लिहिली. संहितेशिवाय समीक्षा! मराठी समीक्षेत हे होत नाही असं नाही, पण आपल्याकडे निदान पुस्तक हातात असतं.

हे सगळं पाहिलं की कोलकत्याच्या माणसाचा मला हेवा वाटतो. त्याला चिडायला क्लब आहे. आमची अडचण अशी की आमचं आभारप्रदर्शन रंगात येईपर्यंत कार्यक्रमच संपतो. सहाराचा पुणे वॉरियर्स २०११ मध्ये खेळू लागला आणि २०१३ मध्ये बोर्डानं बँक गॅरंटी वटवल्यावर निघून गेला. बालेवाडीला एफसी पुणे सिटी हा फुटबॉल संघ २०१४ मध्ये आला, भाच्यानं नारिंगी जर्सी घेतली (पुन्हा माझे पैसे), २०१८ मध्ये पहिल्यांदाच उपांत्य फेरी गाठली आणि २०१९ मध्ये संघच उरला नाही. त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला, आणि २०२२ मध्ये विजेताही झाला. पुण्यातल्या माणसानं हैदराबादला नोकरीसाठी जावं हे समजू शकतं. पण संघानं?

रायझिंग पुणेचा शेवटही हैदराबादलाच झाला. २१ मे २०१७. अंतिम सामना, समोर मुंबई, हव्यात फक्त १३०. शेवटच्या षटकात ११. तिवारीनं पहिल्याच चेंडूवर चौकार मारला आणि पुढच्या चेंडूवर झेल दिला, त्याच्या पुढच्यावर स्मिथ गेला, आणि अखेरच्या चेंडूवर चार हव्या असताना दोन पळून तिसरीला ख्रिश्चन धावबाद. एका धावेनं गेला. दोन वर्षांची मुदत भरली. ठेव मोडली, आणि आम्हाला पावतीसुद्धा कोणी दिली नाही.

परवा दिवाळीची आवराआवर चालली होती. सौ.ला कपाटाच्या तळाशी ती जांभळी जर्सी सापडली. आता ती भाच्याच्या एका हातातही शिरणार नाही. ती म्हणाली, ‘कापड चांगलं आहे, फरशी पुसायला होईल.’ भाचा हिंजवडीहून नुकताच आला होता, पाठीवरची पिशवीही उतरवली नव्हती.

‘मामी, नको गं. राहू दे ती. आपण फायनलला होतो.’

‘आपण म्हणजे कोण कोण?’ मी विचारलं.

‘मी, तू, स्मिथ, धोनी,’ तो घडी घालत म्हणाला. ‘तिवारीपण.’

‘आणि अध्यक्ष? त्यांचे भाऊ?’

‘ते आभारप्रदर्शनाच्या आधीच गेले,’ असं म्हणून त्यानं जर्सी माझ्या स्वेटरखाली सरकवून ठेवली.